भंडारदऱ्याला कधी जावं?

 

मागच्या वेळी मी कर्जाच्या परतफेडीवर बोलले होते. त्यानंतर चार फोन आले. मला वाटलं, हप्त्यांबद्दल विचारतील. पण त्यातले तीन फोन सहलीचे निघाले! "ताई, तुमचा गट भंडारदऱ्याला जाऊन आला म्हणे. आम्हालाही जायचंय. कोणत्या महिन्यात जावं?" म्हणून म्हटलं, आजचं बोलणं ह्यावरच करू. एका वाक्यात सांगण्यासारखं उत्तर माझ्याकडे नाही, कारण आम्ही स्वतः दोनदा चुकलो आणि तिसऱ्यांदा कुठे जमलं.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. आम्ही पाथर्डी तालुक्यातल्या बाया. आपल्याकडे वर्षाला पाऊस किती, तर पाचशे-साडेपाचशे मिलीमीटर, तोही पडला तर. आणि आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीला चार-पाच हजार मिलीमीटर. म्हणजे आपल्या आठ-दहा वर्षांचा पाऊस तिथे एका वर्षात पडतो. जिल्हा एकच आहे. कारण साधं आहे. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, घाटमाथ्यावर रिकामे होतात आणि आपल्याकडे येईपर्यंत नुसती सावली उरते. अहो, अकोले तालुक्यातही तसंच आहे. घाटघरला धो धो पडत असतो आणि तालुक्याच्या गावी अकोल्यात बाया कपडे वाळत घालतात.

मी बी.ए.ला भूगोल घेतला होता. तेव्हा मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका नावाच्या चिमुकल्या देशाबद्दल वाचलं होतं, ते मला ह्या सहलीच्या निमित्तानं फार आठवलं. त्या देशाच्या मधून डोंगररांग जाते. पश्चिमेच्या किनाऱ्यावर डिसेंबर ते एप्रिल कोरडं आणि मे ते नोव्हेंबर पाऊस. तिकडे जाणाऱ्यांना सगळे सांगतात, डिसेंबर ते एप्रिलमध्ये जा. पण पूर्वेच्या किनाऱ्याचं गणितच वेगळं. पश्चिमेला सप्टेंबर-ऑक्टोबरात सर्वांत जास्त पाऊस असतो, तेव्हा पूर्वेला त्यातल्या त्यात उघडीप असते. म्हणजे "त्या देशात कधी जावं" ह्या प्रश्नाला एक उत्तर नाही. डोंगराच्या कोणत्या बाजूला जाताय, हे आधी विचारावं लागतं. आणि आणखी एक गंमत. तिथले हॉटेलवाले पावसाळ्याला पावसाळा म्हणत नाहीत, 'हिरवा ऋतू' म्हणतात. गिऱ्हाईक यायला पाहिजे ना!

तर आमची पहिली सहल 2022 च्या जुलैमधली. ठरवलं कुणी? मोबाईलनं. कुणाच्या तरी मुलानं धबधब्याचे व्हिडिओ दाखवले आणि सगळ्या म्हणाल्या, चला. रविवार धरला, कारण पोरं घरी असतात, घर सांभाळायला नवरा असतो. चोवीस बाया, दोन क्रुझर गाड्या. पहाटे तीनला निघालो. पाथर्डीहून नगर, नगरहून संगमनेर, अकोले, राजूर आणि मग शेंडी. भंडारदरा धरणाजवळचं गाव म्हणजे शेंडी. दोनशे किलोमीटरच्या घरात अंतर जातं. राजूरपर्यंत सगळं बरं होतं. पुढे गाड्यांची रांग. पुण्या-मुंबईच्या गाड्या, मोटारसायकली, उघड्या अंगानं नाचणारी पोरं. दोन तास एका जागी. पाऊस असा की काच खाली केली तर मांडीवर पाणी. आणि धुकं! धरण समोर आहे असं ड्रायव्हर सांगत होता आणि आम्हाला पांढऱ्या चादरीशिवाय काही दिसत नव्हतं.

रंधा धबधब्याचा आवाज मात्र ऐकला. जमिनीतून येतो तसा आवाज. पाहायला म्हणून कठड्याकडे निघालो, तर आमच्या एका काकूंचा पाय शेवाळावरून सरकला. पाय मुरगळला, मोडला नाही, देवाची कृपा. त्यांच्या पायात घरात घालायची गुळगुळीत चप्पल होती. चूक त्यांची नव्हती. चिखल आणि शेवाळ म्हणजे काय हे आम्हाला माहीतच नाही. आमच्याकडे पाय घसरतो तो ढेकळावरून.

आणि सगळ्यात मोठा घोळ सांगू का? दिवसभरात चोवीस बायांना जायला धड जागा सापडली नाही. एक ठिकाण होतं, तिथे अर्धा तासाची रांग आणि आत पाणी नाही. बाहेर एवढा पाऊस आणि नळाला पाणी नाही! परतताना तर काही जणी पाणीच प्यायल्या नाहीत. बाईमाणसाच्या सहलीत हा प्रश्न पहिला विचारायचा असतो, धबधबा नंतर. तो आम्ही विचारला नव्हता.

एक गोष्ट मात्र त्या जुलैत बघितली, ती डोळ्यांतून गेली नाही. परतीच्या रस्त्यावर थोडं उघडलं, तेव्हा दोन्ही बाजूंना भाताची आवणी चालली होती. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बाया, पाठीवर इरलं नाहीतर प्लॅस्टिकचा कागद. आम्ही गाडीत बसून त्यांच्याकडे बघतोय आणि त्या मान वर करून आमच्याकडे. आमच्यातली एक जण म्हणाली, "आपुन खुरपत असताना कुणी गाडी थांबवून फोटो काढले तर कसं वाटंल गं?" गाडीत मग थोडा वेळ कुणी बोललं नाही. जुलै हा तिथल्या बायांच्या कामाचा महिना. त्या वेळी त्यांच्याकडून गरम भाकरीची आणि गप्पांची अपेक्षा धरून जाणं बरोबर नाही, असं माझं मत तिथेच झालं.

दुसऱ्या वेळी आम्ही शहाण्या झालो. म्हणजे तसं आम्हाला वाटलं. माहिती काढली, ज्यांना त्यांना विचारलं. सगळे म्हणाले, हिवाळा उत्तम. आकाश स्वच्छ, रस्ता कोरडा, गर्दी बेताची. 2023 चा डिसेंबर धरला. आणि खरोखर, पाहायच्या दृष्टीनं तो महिना खोटा नाही. धरणाचं पाणी निळंशार. 1926 साली हे धरण पुरं झालं, म्हणजे यंदा शंभर वर्षं होतात. इतकी दगडी भिंत इतक्या वर्षांमागे माणसांनी कशी रचली असेल, ह्याचंच आमच्या बायांना नवल. रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ पाहिलं. शिलाहारांच्या काळातलं, दगडावर इतकं बारीक काम की आमची शिवणकाम करणारी वहिनी म्हणाली, "हे तर भरतकामच आहे." जवळच्या पुष्करणीच्या पायऱ्यांवर बसून आम्ही भाकरी खाल्ल्या. ज्यांना चढायचं आहे, ज्यांना कळसूबाईला जायचं आहे, त्यांनी थंडीतच जावं. कळसूबाई म्हणजे आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर, 1646 मीटर. बारी गावातून वाट आहे, कड्याला लोखंडी शिड्या आहेत. पावसात त्या शिड्यांवर माणसाला माणूस चिकटलेलं असतं. थंडीत जरा श्वास घेता येतो. साम्रदजवळची सांदण दरीही पावसाळ्यात बंद धरायची. ती दरी म्हणजे पाण्याचीच वाट आहे.

धबधबे मात्र डिसेंबरात नसतात. रंधा पाहिला तर दगडावरून बारीक धार. ह्याचं कारण तिथल्याच एका दुकानदारानं सांगितलं. रंधा धबधबा प्रवरेवर आहे आणि तोही धरणाच्या खाली. वरून पाणी सोडलं तर तो मोठा, नाही सोडलं तर लहान. धरणाच्या पायथ्याचा छत्रीसारखा दिसणारा अंब्रेला धबधबा, तोही तसाच. त्यामुळे 'धबधबा बघायला कधी जावं' ह्याचं उत्तर नुसत्या आभाळाकडे बघून मिळत नाही. धरण भरलं का, पाणी सुटलंय का, हे पेपरात येतं. आपल्या जिल्ह्याच्या पेपरात पावसाळ्यात रोज धरणांचे आकडे असतात, ते वाचा. बहुतेक वर्षी ऑगस्टच्या मध्याला भंडारदरा भरतं.

पण डिसेंबरची खरी चूक धबधब्याची नव्हती. त्या सहलीला आम्ही पंधराच जणी होतो. बाकीच्या नऊ कुठे? ऊसतोडीला. 2023 ला पाऊस कमी झाला होता, बाजरी हाती लागली नव्हती, त्यामुळे एरवी न जाणारी घरंही कोयता घेऊन गेली होती. दिवाळी झाली, मुकादमाची गाडी आली आणि गाव अर्धं रिकामं झालं. त्या नऊ जणींची बचत मात्र दर महिन्याला जमा होत होती. कुणाची सासू भरते, कुणी जातानाच सहा महिन्यांची एकदम देऊन जाते. सहलीसाठी आम्ही बचतीला हात लावत नाही, हे इथेच सांगून ठेवते. गटाची बचत कर्जासाठी आहे. सहलीचे दर मीटिंगला वेगळे वीस रुपये काढतो, त्याची वही वेगळी. त्या वहीतही नऊ जणींचे पैसे होते.

एप्रिलमध्ये त्या परत आल्या. पहिल्याच मीटिंगला आमचे फोटो बघून झाले आणि त्यांच्यातली एक, माझ्याच वयाची, शांतपणे म्हणाली, "ताई, माझे पैसे चालतात, मी नाही चालत का?"

मला उत्तर देता आलं नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. पैसे परत द्यायचे ठरवले तर म्हणाली, "राहू द्या, पुढच्या वेळेला कामाला येतील." ह्या बाईनं त्या हंगामात पहाटे तीनला उठून मोळ्या वाहिल्या होत्या आणि आम्ही 'हवा चांगली' म्हणून तारीख धरली होती. सीझन चांगला होता, यात शंका नाही. तो कुणासाठी चांगला, हे मी समन्वयक असून विचारलं नव्हतं.

मग तिसऱ्या वेळी आम्ही उलटं केलं. आधी हवामान नाही, आधी बाया. मीटिंगच्या वहीत बारा महिन्यांची बारा घरं आखली आणि प्रत्येकीला विचारलं, तुला कधी जमत नाही?

जून-जुलै पेरणी, खुरपणी. श्रावणात उपास आणि सणांची रांग, पंचमीला माहेरी जायचं, पोळा. मग गणपती, गौरी. नवरात्रात घट बसलेले असतात, आपल्याकडे मोहटादेवीची यात्रा, घरी पाहुणे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या बाया जाणार त्या मार्च-एप्रिलपर्यंत. इथे राहिलेल्यांना कापसाची वेचणी, कांद्याची लागवड. एप्रिल-मे लग्नसराई आणि पाणी. आमच्या गावाला मे महिन्यात टँकर. टँकर कधी येईल त्याचा नेम नाही, मग घर सोडून बाई जाणार कशी? सगळी घरं खोडत गेलो. वहीच्या पानावर एवढीच एक फट उरली, गणपती गेल्यापासून घट बसेपर्यंत. म्हणजे पितरांचा पंधरवडा.

हे नाव निघाल्यावर मीटिंगमध्ये शांतता. पितृपक्षात कुणी सहलीला जातं का? दोन-तीन आक्का तर उठूनच चालल्या. त्यात सगळ्यांत वयानं मोठ्या एक मावशी आहेत, सत्तरीच्या. त्या म्हणाल्या, "माझी सासू गेली, तिनं आयुष्यात नगरच्या पलीकडं काही पाहिलं न्हाई. तिची सासू, तिनंही न्हाई. त्यांच्या नावानं भात-आमटी कावळ्याला घालते, मग त्यांच्या नावानं धबधबा पाहिला तर पितर काय रागावतील व्हय?" त्यानंतर कुणी उठलं नाही. श्रद्धा ज्याची त्याची असते. कुणाला पटत नसेल तर जबरदस्ती नको, आम्हीही केली नाही. एक जण शेवटपर्यंत नाहीच म्हणाली आणि आली नाही.

पण म्हाळ तर घालायचे होते. मग वहीत प्रत्येकीच्या घरची तिथी लिहिली. कुणाची पंचमी, कुणाची अष्टमी, नवमीला तर पाच घरी, सर्वपित्रीला बहुतेक सगळीकडे. द्वितीया-तृतीयेला फक्त एकीच्या घरी होतं आणि तिच्या जावेनं ते सांभाळायचं कबूल केलं. 2024 च्या सप्टेंबरमध्ये गुरुवार-शुक्रवार येत होता. शनिवार-रविवार नको हे पहिल्या वेळीच शिकलो होतो. एक रात्र मुक्काम धरला. एका दिवसात चारशे किलोमीटर करणं म्हणजे सहल नव्हे, शिक्षा.

आणि मैत्रिणींनो, काय सांगू! धरण काठोकाठ भरलेलं. रंधा असा कोसळत होता की दूरवर अंगावर तुषार. आभाळ कधी झाकलेलं, कधी उघडं. दुपारी एक सर आली आणि अर्ध्या तासात ऊन पडलं. रस्त्याच्या कडेला, डोंगराच्या उतारावर सोनकीची पिवळी फुलं, मध्येच तेरड्याची जांभळी-गुलाबी. आमच्या बायांनी रानात पिवळं म्हणजे सूर्यफूल आणि तूर एवढंच पाहिलेलं. इथे कुणी पेरलेलं नाही आणि डोंगर पिवळा. भातखाचरं हिरवीगार, लोंब्या यायला लागलेल्या, वास असा की भूक लागावी. गर्दी नाही. कारण पितृपक्षात शहरातली माणसंही कमी फिरतात.

जेवण आम्ही तिथल्याच एका बचत गटाकडे सांगितलं होतं. आवणी झालेली, कापणी दिवाळीच्या सुमाराला, त्यामुळे त्यांनाही ह्या दिवसांत थोडी उसंत. वर गिऱ्हाईक नसतं, म्हणून चोवीस ताटांचं काम त्यांना हवंच होतं. नागलीची भाकरी, रानभाजी, इंद्रायणीचा भात. जेवणानंतर दोन्ही गट एका पडवीत बसलो. व्याजाचा दर काय, बँकेत किती चकरा मारता, नवरा सही करतो का, सगळं बोलणं झालं. तेवढ्यात आमच्यातली एक म्हणाली, "तुमचं काय बाई, तुमच्याकडं पाणीच पाणी." त्यावर तिथली बाई हसली आणि म्हणाली, "मे महिन्यात ये. मीच तुला हंडा देते डोक्यावर."

आम्हाला खरं वाटेना. पाच हजार मिलीमीटर पावसाच्या गावात पाणीटंचाई? पण खरं आहे. डोंगर उताराचा, खाली काळा कातळ, पडलेलं पाणी थांबत नाही. धरणात जातं, धरणातून खाली. वाड्या वर आणि पाणी दरीत. प्रवरेचं पाणी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवाशाच्या शेतांना जातं. तिकडूनच येणारी मुळा नदी राहुरीजवळ अडवली आहे आणि तिचा उजवा कालवा आपल्या पाथर्डीच्या थोड्या भागाला टेकतो. म्हणजे एप्रिल-मेमध्ये त्या बाईच्या डोक्यावर हंडा आणि आमच्या दारात टँकर. हे त्या पडवीत बसून कळलं. जुलैच्या रविवारी गाडीच्या काचेतून कळलं नसतं.

रात्री मावशी झोपल्याच नाहीत. बाहेर ओट्यावर बसून पाण्याचा आवाज ऐकत होत्या. मी विचारलं, थंडी वाजत नाही का? म्हणाल्या, "वाजती. पण हा आवाज उद्या न्हाई."

आता काजव्यांचं विचारतात सगळ्या, म्हणून सांगते. मेच्या अखेरीपासून पाऊस सुरू होईपर्यंत, साधारण जूनच्या मध्यापर्यंत, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात काजवे निघतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडंच्या झाडं लुकलुकतात. मी एका प्रशिक्षणाच्या निमित्तानं एकदा पाहिले आहेत. झाड श्वास घेतंय असं वाटतं. एक सगळं झाड उजळतं, विझतं, मग शेजारचं. पण गटानं जायला मला ते दिवस योग्य वाटत नाहीत. एक तर पाहायचं रात्रीच, दुसरं म्हणजे शनिवार-रविवारी गाड्यांचे दिवे इतके की काजवे कुठले आणि दिवे कुठले कळत नाही. आणि बिचाऱ्यांचं ते लग्नाचं नातं जुळवणं असतं हो. नर उजेड करून मादीला बोलावतो, मादी खाली झुडपांत-गवतात बसलेली असते. आपण बॅटऱ्या मारत गवत तुडवत गेलो तर जुळायचं कसं? गेलातच तर मधल्या वारी जा, बॅटरी बंद ठेवा, पायवाट सोडू नका. वनखात्याच्या चौकीवर पावती फाडावी लागते, ते नियमही ऐकून घ्या.

आता यंदाचं. इथे एक सावधगिरी. आपले सण तिथीवर, पाऊस तिथीवर नाही. 2024 ला पितृपक्ष 18 सप्टेंबरला लागला होता. यंदा, 2026 ला, अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळे सण पुढे सरकले आहेत. पितृपक्ष 27 सप्टेंबरला लागतो, सर्वपित्री 10 ऑक्टोबरला आणि लगेच 11 ला घटस्थापना. म्हणजे पहिल्या आठवड्यात गेलात तर धबधबे बऱ्यापैकी असतील, पण सोनकी उतरणीला लागलेली असेल. उलट भात पिकत आलेला दिसेल. ज्यांना फुलंच बघायची आहेत त्यांनी गौरी उठल्यावर आणि अनंत चतुर्दशीच्या आत चार दिवसांत एखादा जमतो का बघा. गणपती घरात असेल तर ते कठीणच.

आणि पेपर बघून निघा, असं मी म्हणते ते 2025 मुळे. त्या सप्टेंबरमध्ये आमची तारीख ठरली होती, वहीत तिथ्या लिहून झाल्या होत्या. आणि पाऊस आपल्याकडेच आला. पाथर्डी-शेवगावकडे ओढे-नाले फुटले, बाजरी, कपाशी पाण्यात, काही जणींची तर माती वाहून गेली. परतीचा पाऊस असाच असतो, चार महिने सावलीत ठेवतो आणि एका रात्रीत झोडपतो. त्या वर्षी आम्ही गेलो नाही. सहलीच्या वहीतले पैसे सगळ्यांच्या संमतीनं, ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना दिले. त्यामुळे यंदा वही पुन्हा शून्यापासून आहे. वीस रुपयांचे आता तीस केलेत.

जाताना एसटीचाही विचार करा. मार्च 2023 पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे. आठ-दहाच जणी असाल तर नगर, संगमनेर, अकोले, राजूर अशा गाड्या बदलत जाणं क्रुझरपेक्षा स्वस्त पडतं आणि मोठ्या स्टँडवर उतरलं की ती पहिली अडचणही सुटते. चपला खाली दाते असलेल्या घ्या, एक जोडी कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत. मुक्काम आणि जेवण आधी फोनवर ठरवा, आणि संडासाचं स्पष्ट विचारा, लाजू नका. वाट वाकडी करून अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याला जाता आलं तर बघा. 2020 ची पद्मश्री मिळालेल्या बीजमाता राहीबाई पोपेरे यांचं गाव ते. गावरान बियाणं जपणं म्हणजे काय हे गटातल्या प्रत्येकीनं पाहण्यासारखं आहे. आम्हाला 2024 ला वेळ पुरला नाही, त्याची हळहळ आहे.

आमची यंदाची तारीख अजून ठरायची आहे. पुढच्या सोमवारी मीटिंग आहे. ऊसतोडीच्या बायांनी सांगितलंय, मुकादम दिवाळीनंतरच नेतो म्हणालाय, तेव्हा 30 सप्टेंबर, 1 ऑक्टोबर, बुधवार-गुरुवार चालेल. 'माझे पैसे चालतात' म्हणणारी ती बाई ह्या वेळी तिथ्यांची वही सांभाळते आहे. म्हाळाच्या तिथ्या तिनं घरोघर जाऊन लिहून आणल्यात आणि गाडीत कोण कुठे बसणार तेही. ड्रायव्हरशेजारची जागा मावशींची, त्यांना गाडी लागते.